फूल

वहीत नाव लिहून घेतलं, पुस्तकला मारबते,
तेव्हा तीच आधी हसली.
"नाव पुस्तकला, अन् अक्षर एक येत नाही."
उजव्या डोळ्यावर फूल.
धान चुरताना कुसळ उडालं,
शेजारणीच्या अंगावरच्या दुधाचे थेंब झाले,
मग ब्रह्मपुरीचा दवाखाना,
मग उशीर.
फूल म्हणतात आमच्याकडे त्याला,
कोमेजायचं ठाऊक नसलेलं.

मी तिच्याकडे कोसा घ्यायला येतो,
खोब्रागडीच्या अलीकडे, ऐनाच्या जंगलात.
ती गुलेल घेऊन अळ्यांची राखण करते.
पाखरावरचा नेम चुकत नाही.
म्हणते, नेम धरताना तुम्हीही
एक डोरा मिटताच ना?

नागपुरात, तिसऱ्या मजल्यावर,
मी तिचे कोसे धुण्याच्या सोड्यात उकळतो.
तसर हट्टी, साध्या मिठाला बधत नाही,
त्याला महागातलं मीठ लागतं.
तीन दिवस नुसतं पाणी बदलायचं.
मग काचेवर ओतून, पंखा बंद करून,
दाराला बाहेरून चिठ्ठी: उघडू नये.
सकाळी नखाएवढा पडदा सुटतो,
पातळ, किंचित मधाळ,
खाली ठेवलेल्या बसच्या तिकिटावरचा आकडा
त्यातून स्वच्छ वाचता येतो.
चौदा केले की अकरा तडकतात.

एकदा उरलेल्या तिघांतला एक
डबीत घालून तिला दाखवायला नेला.
उन्हात धरून म्हणाली,
"कोसा तर मातीच्या रंगाचा. हा पान्यावानी कसा?"
म्हटलं, कोशात धागे आडवेतिडवे, मधे हवा,
उजेड शिरतो आणि वाट चुकतो.
इथे चुकायला जागाच ठेवलेली नाही.
डोळ्याच्या काचेतही धागे असतात, बाई,
रोवण्यासारखे, ओळीत, सारख्या अंतरावर,
म्हणून उजेड बांधीतून सरळ पार होतो.
जखम भरली
ती मात्र आवत्या.

ती बराच वेळ गप्प.
मग, "म्हंजे माझ्या डोऱ्यात
कोनी फेकून पेरलं."

मी वहीतला आकडा सांगितला:
शंभरातला एक्क्याण्णव उजेड पलीकडे जातो.
"अन् नऊ?"
काही उलटा फिरतो,
काही आतच राहतो, म्हटलं.
तिनं पडदा आधी डाव्या डोळ्याला लावला,
मग उजव्या.
उजव्याला काय दिसलं, मी विचारलं नाही.
ती आपणच म्हणाली, "उजेड हाये. कोनाचा, ते नाही समजत."

तेवढ्यात तिच्या टोपलीतल्या एका कोशातून
फुलपाखरू निघालं, ओलं, चुरगळलेलं,
दांडीला उलटं लटकून पंख पसरत गेलं.
चारही पंखांवर डोळे
आणि प्रत्येक डोळ्यात
एक चकती, निव्वळ पारदर्शक,
तिच्यातून पलीकडची साल दिसत होती.
मी सात वर्षं कोसा हाताळतोय,
उकळतो म्हणून हे कधी बघितलंच नव्हतं.

"तुम्ही तीन दिवस पानी बदलून राहिले," ती म्हणाली,
"हिनं तं बसल्या बसल्या केलं.
अन् हिले तोंडही नाही.
चार दिवस काही खात नाही, पीत नाही, मरते."

मी सांगायला हवं होतं ते सांगितलं:
हा पडदा अजून सशाच्याही डोळ्यावर गेलेला नाही.
मंजुरीचा कागद दिल्लीत आहे.
नंतर ससे, नंतर माणसं, नंतर कुठेतरी
तुझ्या वयाचं कोणी.
तिनं मान हलवली,
बस किती वाजताची आहे ऐकावं, तशी.

मग पदर खोचून मोजायला बसली.
दोन दोन करत शंभर पिशवीत टाकले.
मी पैसे काढले.
तिनं पुन्हा टोपलीत हात घातला
आणि अकरा वरून टाकले.
"तडकतात म्हनले ना."