मागचा आस

टेपचं एक टोक वॅसिलच्या हातात, दुसरं माझ्या.
पावणेसत्तावन्न, तो म्हणतो.
मी म्हणतो, परत.
मडगार्डच्या आतल्या कडेपासून टायर दोन बोटं तरी दूर हवा;
वळणावर रबर घासलं
तर वास आधी येतो, अक्कल मागून.

सदतीस सालची शेवरले कूपे,
चार वर्षं लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवलेली,
मागून पोकळ.
बाहेर उणे चोवीस. हीटर फुरफुरतो, पण उबेचं नाव नको.
स्विफ्ट करंटच्या या टोकाला
फेब्रुवारीत माणसं दोनच कामं करतात:
बर्फ लोटतात, नाहीतर वाद घालतात.

वॅसिलचं म्हणणं, आहे तोच ठेव.
अस्सल ते अस्सल.
गाडी जन्मली ती या आसावर,
उद्या तू तिचं नावही बदलशील.
मी म्हणतो, पुढे आठ सिलिंडरचं इंजिन बसवलंय, भावजी,
हा बिचारा ऐंशीच्या वर किंचाळतो,
पहिल्याच चढावर दात टाकेल.
जुना आस सोडायचा म्हणजे काही
जुनी आस सोडायची असं नाही.
(हे मी बोललो नाही. वॅसिलला कोट्या आवडत नाहीत.)

नवा करून घ्यायचा, तर कॅल्गरीहून,
किंमत इरीनाच्या नव्या स्वयंपाकघराएवढी,
आणि ते तिने अजून मागायचं सोडलेलं नाही.
छोट्या पिकअपचा रुंदीला जवळपास बसतो,
पण शाफ्ट बघितलेस? काकड्या.
राहता राहिला क्लासनच्या भंगारातला.

डोरीन क्लासन पुढे, मी मागे, गुडघाभर बर्फ.
एक्सप्लोरर, निळी, समोरून चेपलेली,
मागून जशीच्या तशी.
मी पुठ्ठा टाकून खाली सरकलो,
डिफरन्शियलच्या झाकणावरची पट्टी अंगठ्याने पुसली:
तीन, एल, त्र्याहत्तर.
तो मधला एल मिळाला म्हणजे नशीब.
एल असला की दोन्ही चाकं मिळून ओढतात,
बर्फात एकटंच कुणी गरगरत बसत नाही.

उठताना खिडकीतून दिसलं,
मागच्या सीटवर हॉकीचा एकच हातमोजा, लहानाचा,
गोठून मूठ वळलेला.
तीन लाख किलोमीटर, डोरीन म्हणाली.
आणखी काही म्हणाली नाही.

अडचण एकच. याचा गोळा मध्यावर नाही,
उजवीकडे झुकलेला, डावी नळी लांब.
ती पावणेतीन इंच कापायची, पुन्हा जोडायची,
आणि दुसऱ्या गाडीचा उजवा शाफ्ट
डावीकडे घालायचा.
साडेएकोणसाठातून पावणेतीन गेले,
हिशेब कधी नव्हे तो जुळला.

रविवारी जुना आस खाली उतरवला.
वॅसिल म्हणाला, निदान मला दे, मी सांभाळीन,
आणि वायरब्रश घेऊन बसला.
वंगण, गंज, त्याखाली पुन्हा वंगण.
मग हात थांबला.
ओतकामावर तारीख: सी, बारा, आठ.
बारा मार्च, आणि आठ.
अडतीस की अठ्ठेचाळीस, एकटा आकडा दशक सांगत नाही,
पण सात नव्हे, हे नक्की.
आणि नळीच्या पोटाशी, छिन्नीने, वाकडंतिकडं:
जे. वीब, ५१.

हीटर बंद पडला होता, कुणाच्या लक्षात आलं नाही.
कोण हा वीब?
कुठल्या कोठारात, कुठल्या थंडीत
कुणाशी भांडून
त्याने हा आस इथे बसवला असेल?
त्याचाही कुणी मेव्हणा असेलच की,
अस्सल ते अस्सल म्हणणारा.

वॅसिलने ब्रश ठेवला.
हात पँटला पुसले.
टेप शोधला, टोक माझ्याकडे फेकलं.
पावणेसत्तावन्न, मी म्हणालो.
त्याने परत म्हटलं नाही.

संध्याकाळी डोरीनला फोन.
म्हणाली, दोन्ही उजवे?
म्हटलं, दोन्ही उजवे.
थोडं थांबून म्हणाली,
मग त्या लांब डाव्याचं काय करू?
मला उत्तर सुचलं नाही.
ठेव, म्हटलं. लागेल कुणाला.