पाण्याचं वजन

कागदावर शब्द होता : तात्पुरते.
मी हसलो. बोगोतात मला तात्पुरतं कोण शिकवणार?
माझी नोकरी दर तीन महिन्यांनी नव्यानं जन्मते,
घरावरचा पत्रा यंदापुरता म्हणून घातलेला,
त्याला आता एकोणीस वर्षं झाली,
आणि डाव्या दाढेतलं सिमेंट
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, नाताळपर्यंत टिकेल.
कुठला नाताळ, ते नाही म्हणाल्या.

तर रात्री अकराला टँकर घेऊन निघालो,
मी आणि एलिएसेर.
नारिंगी प्लास्टिकचे ठोकळे, कमरेइतके उंच,
रिकामे असताना वाऱ्यानं लोळत जातील असे,
आतून पोकळ, लग्नातल्या पाहुण्यांच्या कौतुकासारखे.
बूच काढायचं, नळी घालायची, कान द्यायचा :
आधी डबडब, मग जाड आवाज,
मग गळ्याशी आलेला बारीक सूर.
त्या सुरावर हात आपोआप थांबतो.
एकात दोनशे लिटर. ठोकळे दोनशे बारा.
पहाटे चारला रस्त्याची एक पट्टी
गाड्यांपासून वेगळी झाली होती
आणि मधे होतं ते फक्त पाणी.

पहिल्या दिवशी कोणी आलं नाही.
एक कुत्रं आलं. ऐटीत, मधोमध चालत गेलं.
टाइल्सवाला फुल्हेन्सिओ मोजपट्टी घेऊन बाहेर आला,
दुकानासमोरची गाड्यांची जागा गेली म्हणून
मला आईबापासकट ऐकवलं.
साहेब, म्हटलं, मी फक्त पाणी भरतो.

चौथ्या दिवशी नुबिया,
इस्पितळाच्या धुलाईघरातली.
सायकल तिची होती खरी, पण सात चौक
ती सायकललाच चालवत न्यायची फुटपाथवरून,
थकलेल्या चुलत्याचा हात धरावा तशी.
आता बसून गेली. मुठी पांढऱ्या, खांदे कानाला टेकलेले.
महिन्याभरात खांदे उतरले.
मग एक हात सुटला,
आणि एका सकाळी त्या हातात पाव होता.
हे मी पाहिलंय.
ज्या रस्त्यावर माणूस पाव खात सायकल चालवतो
त्या रस्त्याबद्दल मला अहवाल वाचून दाखवू नका.

मग येतच राहिले.
सीट उंच म्हणून उभ्यानंच पेडल मारणारं पोरगं,
विजारी मोज्यांत खोचलेला वकील,
फुलांची खोकी बांधलेली ओदिलिया,
जिचा चेहरा मला आजवर दिसलेला नाही,
फक्त गुलाब येतात आणि गुलाबांमागून शिंक.
इथला पाऊस पडत नाही, रेंगाळतो.
त्यातूनही येत राहिले.

आठव्या महिन्यात दुसरा कागद आला.
शब्द तोच.
या वेळी कोणीतरी तो मनावर घेतला होता.

रात्री अकरा. एलिएसेर आणि मी.
टँकर नाही, नुसता पाना.
तळाची बुचं सोडत गेलो.
वाटलं, पाणी रस्ताभर पसरेल.
नाही पसरलं.
उताराला लागलं आणि पांढऱ्या रेघेच्या कडेकडेनं
पट्टीतल्या पट्टीत निघालं,
वळणावर वळलं,
रोजची वाट असल्यासारखं.
एलिएसेर बराच वेळ बघत राहिला.
"हेपण सिग्नल तोडतंय," म्हणाला.

पाच वाजता मुकादमानं आकडा मागितला.
दोनशे बारा, मी लिहिलं, खाली सही केली.
माझं अक्षर वाईट आहे. मोजायला चुकत नाही.
बेकरीपुढच्या वळणावर,
जिथं बसगाड्या अंग आत घालतात,
तीन ठोकळे उभे होते, गळ्यापर्यंत भरलेले.
हलवून बघा कोणीही.

उजाडलं. नुबिया आली.
खांदे पुन्हा कानांशी, नजर मागच्या हॉर्नवर.
वळणाशी आली तेव्हा
खांदे तेवढ्यापुरते, तीन ठोकळे संपेतो, खाली आले.
पाव मात्र पिशवीतच होता.