मापाचा पुठ्ठा

अथणीच्या बाजारात माणसं मला चेहऱ्यानं कमी,
पावलांनी जास्त ओळखू येतात.
पुठ्ठ्यावर पाऊल ठेवायचं,
मी कडेकडेनं पेन्सिल फिरवतो,
कोपऱ्यात नाव लिहितो, मराठीत नाहीतर कन्नडात,
गिऱ्हाईक ज्यात बोलेल त्यात.

सत्यव्वा आली चैत्रातल्या उन्हात,
गवारीची पाटी रिकामी करून.
डावं पाऊल उचललं तिनं नि मी थांबलो.
टाचेपासून चवड्यापर्यंत लाल,
भेगांतून तर विटकरी, काळपट.
वरून बघाल तर काही नाही. पाय कोरा,
जोडव्यांच्या जागी फिकट वळ.

मी काही विचारलं नव्हतं.
"आग पडती रे तळव्यांची," तीच म्हणाली,
"रात्री डोळ्याला डोळा नाही.
मदरंगी वाटायची, लिंबू पिळायचं,
थापून वर एरंडाचं पान बांधायचं.
औषध हाय.
औषधाला कोण काय म्हणतंय?"

म्हटलं, मेंदी थंडच.
गेल्या महिन्यात माझ्या अंगठ्याला नखुरडं झालं,
बायकोनं पाला ठेचून भरला.
ठणका दोन रात्रींत गेला,
नख मात्र हे बघ, नवऱ्या मुलासारखं.

ती हसली नाही. किंवा थोडीशी.
मग हळूच कन्नडात,
शेजारच्या भांडीवालीला कळू नये म्हणून की काय:
"बण्णा चलो बंदद, नोड."
"चढलाय खरा," मी म्हटलं.

तळपायाची आग मस्तकात गेली
की माणसं भांडतात, ताटं आपटतात.
हिनं ती खालीच अडवलेली,
दर आठ दिवसांनी, पाट्यावर.

टाच टेकली तेव्हा
भेगेतली वाळकी भुकटी पुठ्ठ्यावर सांडली.
चहाच्या चोथ्यासारखा वास.
मी लगेच झटकली नाही.

"गोंडा नको," ती म्हणाली. "तळ जाड घाल.
आणि करकर नको, मुकी पाहिजे."
मुकी चप्पल मागणारं गिऱ्हाईक
वर्षातून एखादंच.

चामडं तळव्याचा रंग धरतं.
दिवाळीच्या आसपास ती टाका घालायला आणील,
आतल्या अंगाला पाच बोटं, एक टाच
उमटलेली असतील विटकरी.
मी काही बोलणार नाही. टाका घालीन.
तोवर माझ्या नखावरची मेंदी
सरकत सरकत शेंड्याला आलेली असेल,
रापीनं कापण्याएवढी.