फणी

वस्ताद तिघे झाले या तालमीत, फणी एकच.
लाकडाची, माझी. तिचे तीन दात गेलेत,
माझे त्याहून जास्त.

सुमिदा नदीअलीकडचं हे लोणच्याचं गोदाम.
पहिल्या वस्तादानं, इसोमात्सुनं, पडत्या भावात घेतलं,
पिंपं काढून माती ओतली, धोपटली.
दमट दिवसांत खांबांना अजून मुळ्याच्या खाराचा वास येतो.
मी पंधरा वर्षांचा, कुस्तीला किरकोळ,
म्हणून पैलवानांच्या केसांवर ठेवला.

इसोमात्सु नोतोच्या कोळ्यांतला. तो कमी बोले, छडी जास्त.
पहाटे पोरं पाय उचलून आपटत, तेव्हा म्हणे,
"जोरात. अजून उठला नाही."
कोण, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

दुसरा त्याचा जावई, हामाकाझे.
गादी लग्नात आली, गुडघे आधीच गेलेले.
छडी त्यानं माळ्यावर टाकली.
राग आला की चष्मा पुसायचा, पुसतच राहायचा.
भिंतीवर नावाच्या पाट्या एकतीस होत्या,
मग एकोणीस, मग अकरा.
उतरलेल्या पाट्या मी चुलीत जाऊ दिल्या नाहीत.
तेलाच्या डब्यांमागे आहेत, बघायच्या तर.

तिसऱ्याचं मी कुणापाशी बोललो नाही.
छडीच्या काळातलं. त्सुगारूचा सेइगो, सोळाचा,
फेब्रुवारीतल्या एका रात्री पळाला.
मी उएनो स्टेशन गाठलं. उत्तरेची रात्रगाडी लागायची होती.
टोपी कानांवर ओढली म्हणून
केसांच्या तेलाचा वास थोडाच झाकतो?
सोब्याच्या टपरीशेजारचा बाक, मुठीत चोळामोळा तिकीट.
समजावणं मला कधी जमलं नाही.
एक वाटी सोबा घेतला दोघांत, पैसे तेवढेच.
मग त्याची टोपी काढली, बुचडा सोडला,
सावकाश विंचरून पुन्हा बांधायला घेतला.
गाडी आली. थांबली. गेली.
केस दुसऱ्याच्या हातात असले की माणसाला उठता येत नाही.
माझी अक्कल एवढीच.

तोच पुढे वस्ताद झाला. त्याचा बुचडा उतरला त्या दिवशी
बड्या बड्यांनी सोनेरी कात्रीनं एकेक बट कापली.
मी मागे उभा, उरलेलं सारखं करायला.
त्यानं वळून पाहिलं नाही. मान हलवायची नसते, हे मीच शिकवलेलं.

आता पाट्या सात.
परवा रात्री त्यातलाही एक गेला, नवा पोरगा, तोइचिरो.
वस्तादानं कोट चढवला. मी म्हणालो, "उएनो."
"रात्रगाड्या कधीच बंद झाल्या," तो म्हणाला.
"आता पोरं बसनं पळतात."
दारात थांबला. हात पुढे केला.
"फणी द्या."

बांधता कुठं येतं त्याला!
उजाडताना दोघे आले. पोराचा बुचडा डाव्या कानाकडे कललेला,
चार बटा मोकळ्या, मानेवर सोब्याचा ओघळ.
माझे हात शिवशिवले. खिशात घातले.
तसाच तो मातीत उतरला, पाय उचलला.

तिसरा दात त्या रात्रीचा.