एकच आवाज

कुताइसीत आमच्या बेकरीच्या कोपऱ्यात
पिठानं पांढुरका झालेला एक टीव्ही आहे.
रोज सातला मालिका लागते, कुठल्याशा उकाड्याच्या देशातली,
आणि तिच्यातल्या झाडून सगळ्यांच्या वतीनं
आमच्या भाषेत एकच माणूस बोलतो.
नवरी तोच. सासूही तोच.
विहिरीत पडलेलं पोर तोच, वरून हाका मारणाराही तोच.

भट्टीच्या भिंतीवर पाव थापता थापता
लमारा म्हणते, नायिकेला काही येत नाही.
रडते, पण नाकपुडी हलत नाही.
ओतिया म्हणतो, केसांवर घेतलीय तिला.
त्याला खलनायक आवडतो:
अख्ख्या वाड्यात तो एकटाच वेळेवर जेवतो,
असा माणूस पुरता वाईट असेल कसा?
आणि पिठाची पोती आणणारी त्सियाला
चाळिसाव्या भागापासून सांगतेय,
वकील हा मेलेल्या नवऱ्याचा जुळा भाऊ आहे.
कान बघा, म्हणते. कान.

फेब्रुवारीत त्या आवाजाला सर्दी झाली.
मग काय, मालकापासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांनाच सर्दी.
पिस्तूल रोखून खलनायक शिंकला
आणि समोरची विधवा त्याच चोंदलेल्या नाकातून म्हणाली,
‘बार गोळी! बला बरण बान्य आहे!’
आम्ही हसून हसून एक अख्खा घाणा करपवला.
लमारा मात्र हसली नाही.
दुसऱ्या दिवशी तिनं रासबेरीच्या मुरंब्याची बरणी
टीव्ही केंद्राला पाठवून दिली.
नाव कुणालाच ठाऊक नव्हतं,
म्हणून पाकिटावर लिहिलं: आवाज यांस.

मे महिन्यात नऊ जण आले.
बाईला बाईचा आवाज, पोराला पोराचा.
ओतिया म्हणाला, चला, आता कळतंय तरी
कोण कुणाला शिव्या देतंय ते.

लमारानं टीव्हीकडे पाठ केली.
बराच वेळ नुसती कणीक मळत राहिली, मग म्हणाली,
आधी कसं, एक माणूस रात्री जागा राहून
स्वतःशीच भांडतोय असं वाटायचं.
म्हणून तर जीव लागायचा, की मिटू दे एकदाचं.
आता ही नऊ वेगळी माणसं.
भांडेनात का.

मी काही बोललो नाही.
पाव मोजत होतो, आकडा चुकला, पुन्हा मोजले.
तिचं पटत होतं, खोटं कशाला बोलू.
पण मान वळवून पडद्याकडे बघतही होतो,
वकिलाच्या कानांकडे.