हात मोजताना

रविवार, साडेदहा. नार्वे पंचायतीचं सभागृह.
पंखे तीन, त्यांतला एक फिरतो.
विषय क्रमांक सात:
फेरीच्या धक्क्यापासून बाजारापर्यंत रस्ता रुंद करणे,
दोन्ही बाजूंना पदपथ, गटारावर लाद्या.
त्यासाठी पंधरा वर्षांचं कर्ज
आणि ते फेडायला घरपट्टीत वाढ.

मी सचिव. पेडण्याहून बदलून आलेला.
मला इथे मत नाही.
मी फक्त मोजतो.

लवू गावस आधी उठला.
कुंपणाचा एकेक चिरा मी पगारातून घेतलाय,
त्याला हात लावून दाखवा.
आणि पायी चालतो कोण आता?
ज्याच्या त्याच्या बुडाखाली स्कूटर!

मागून कुणीतरी : पयलीं नळाक उदक हाडात!
हशा. टाळ्या.

आगुस्तीन तारवटी, निवृत्त, म्हणाला,
बावीस बंदरांत मी पायी उतरलो,
कुठेही बूट भिजला नाही.
घरी परततो, फेरीवरून पाय खाली टाकतो,
पहिलं पाऊल गटारात.
पण पयशे कोण दितलो, असं लवूनं विचारलं
तेव्हा तो खाली बसला.
पेन्शन त्याची, त्यालाच ठाऊक.

दारापाशी रावळू.
प्लास्टरचा पाय समोरच्या खुर्चीवर लांब केलेला.
मार्चमध्ये टिपर त्याच्या अंगाला चाटून गेला,
म्हणून तर हा विषय पत्रिकेवर आला.
त्याचं नाव दोन तासांत कुणी काढलं नाही.
आत-बाहेर करणारे
त्या पायाला वळसा घालून जात होते,
सवयीनं, जसा रस्त्यावर खड्ड्याला घालतात.

मग सरपंच म्हणाले, बाजूनं असतील त्यांनी हात वर करा.

आपल्या भाषेत हात वर करणं म्हणजे
अंग काढून घेणं.
मी तीस वर्षं सभांमधून हात मोजतोय,
अजून मला कळत नाही
कोण काय उचलतोय आणि कोण काय झटकतोय.
काही हात कोपरापर्यंतच.
काही शेजारच्याकडे बघून.
रावळूचा, कुबडीसकट.

सदतीस.

आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूला
पुतळी गावस, लवूची बायको,
हात अंबाड्याकडे नेते,
अबोलीचा वळेसर सावरते,
आणि हात तिथेच ठेवते.

माझं पेन तिच्यावर थांबलं.
लवू पंख्याकडे बघत होता, न फिरणाऱ्या.
वळेसर सावरायला किती वेळ लागतो?
माझ्या आईला मी पाहिलंय. एवढा नाही लागत.

अडतीस, मी म्हणालो. मोठ्यानं.

विरोधात सदतीस.
पुतळीचे दोन्ही हात तेव्हा मांडीवर,
एकमेकांत घट्ट.
ती मोजली नसती तर बरोबरी,
आणि बरोबरीत निकाल सरपंचांच्या मतावर,
आणि सरपंच लवूचे मेहुणे.
इतिवृत्तात मी लिहिलं : बहुमताने मंजूर.
शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.
तिला मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं,
आणि संध्याकाळी घरीही.

दोन वर्षं गेली, एक कंत्राटदार पळाला,
दुसऱ्यानं लाद्या घातल्या, लाल-करड्या.
बाजाराकडून येणारा पदपथ
लवूच्या चिऱ्यांपाशी वीतभर होतो,
तिथून पुढे पुन्हा सरळ.
रावळू लंगडत जातो, पण लादीवरून जातो.
एक लादी ढिली आहे. ती पाय ओळखते आणि थुंकते.

कार्यालयाच्या खिडकीतून मला सगळं दिसतं.
पदपथावर आडवी लावलेली लवूची स्कूटर.
पिशवी घेऊन येणारी पुतळी
स्कूटरपाशी थांबते,
रस्त्यावर उतरत नाही.
आजूबाजूला बघते,
स्कूटर स्टँडवरून काढते, कुंपणाला टेकवते,
मग तिचा हात वर जातो, अंबाड्याकडे.

मी खिडकीतून बाजूला होतो.
घरपट्टीच्या पावत्या पडल्यात पुढ्यात,
लवूची सगळ्यांत वर, थकबाकीची.