बिनस्टिकरचा पंप

केन्याच्या पानाला मेण असतं.
हे मला दारव्ह्याच्या कृषी केंद्रात नाही कळलं.
मी नवी सून होते तेव्हा कवडाबाईनं
खुरप्याच्या टोकावर एक पान धरून दाखवलं होतं:
"पाह्य व, चोपड्या अंगाचं हाय थे. पाणी टिकत नाही."
आणि वर थुंकली.
थुंकी गोल झाली, घरंगळली, मातीत गेली.

आता सोयाबीन वीस दिवसांचं,
तासातासात केना, मधेमधे शिपी,
आणि निंदायला बाया मिळत नाहीत म्हणून
नाही, खरं सांगते,
बाया मिळतात. औषध स्वस्त पडतं.

बोअरचं पाणी जड.
चहाच्या गंजाला पांढरी खपली धरतं,
औषधाला पानापर्यंत पोचूच देत नाही.
म्हणून विहिरीचं आणलं, लुगड्याच्या फडक्यातून गाळलं.
अर्धा पंप पाणी, मग औषध, मग उरलेलं पाणी,
सगळ्यात शेवटी स्टिकर, एक टोपण:
काकवीसारखं जाड, पडता पडता तार धरतं.
तुराटीनं हळू ढवळायचं. फेस येऊ द्यायचा नाही.

पलीकडच्या धुऱ्यावर उकंडराव
शाम्पूची पुडी दातांनी फाडत होते.
"स्टिकर काय न शाम्पू काय, दोयी फेसच!"
त्यांच्या पंपातून फेस उतू गेला,
झाकणाखालून पाठीवर, पाठीवरून चड्डीत,
आणि अख्ख्या शिवाराला
वरातीत निघालेल्या नवरदेवाचा वास आला.

स्टिकर नसलं की थेंब पानावर उभा राहतो
चप्पल न काढलेल्या पाहुण्यासारखा.
आता निघतो, म्हणतो, आणि निघतोच.
स्टिकर असलं की बसतो.
पसरतो. पाय लांब करतो.
आपलं गोल असणं सोडून देतो
आणि मग पान त्याला आत घेतं,
बिचारं, काय घेतोय ते न कळता.

चौथा पंप भरताना कवडाबाई आली.
धुऱ्यावर उभी, हातात खुरपं नाही.
लेकीचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं,
यंदा केना लय झाला म्हणाली.
मी हो म्हणाले. तिच्याकडं बघत नव्हते.
टोपण उघडलं होतं की नव्हतं
मला आजही आठवत नाही.
पंप पाठीवर घेतला, कट नोझल गुडघ्याएवढी धरली
आणि ती धुऱ्याधुऱ्यानं, मी तासातासानं,
बोलत बोलत पार आंब्यापर्यंत गेलो.

आठवड्यानं वावर पिवळं पडलं.
केना मान टाकून, शिपी करपून,
आणि मधोमध, विहिरीपासून आंब्यापर्यंत,
एक हिरवागार पट्टा.
आमचं बोलणं जेवढं लांब होतं
तेवढाच, तितक्याच तासांचा.
उकंडरावांनी पाहिलं, काही बोलले नाहीत.
त्यांच्याकडं नुसते ठिपके मेले होते, देवी आल्यासारखे.

कवडाबाईला निरोप धाडला.
खुरपं घेऊन आली. दीड दिवस निंदलं तिनं,
दीड दिवसाची मजुरी मी मोजून दिली,
सुटे नव्हते म्हणून दहा वर गेले.

संध्याकाळी पदरात कवळा केना भरून निघाली,
बेसन लावून भाजी करायला.
"नेऊ नको, मावशी! औषध लागलंय त्याला."
ती थांबली. एक पान काढलं,
अंगठ्यानं पुसलं, उलटं करून पाहिलं.
"लागलं कुठी? तूच त म्हने, घसरलं सारं."

मला हसू आलं, तिलाही.
मग पदर धुऱ्यावर झटकला,
हात पाटाच्या पाण्यात धुतले, दोनदा,
आणि वास घेऊन पाहिला बोटांचा.